गिळलेला पहिला शब्द

तिच्या कानाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कित्येक वर्षं तिच्या गावात, सोयऱ्याधायऱ्यांत आणि एका ऑफिसात लोक उलटंच सांगत राहिले.

आम्ही दोघी गुलबर्ग्यात एका खोलीत भाड्यानं राहायचो. मी हुमनाबादची. माझे अप्पा हायवेवरच्या एका गॅरेजात लॉऱ्या दुरुस्त करायचे. आमचं घर बौद्ध, आणि ‘पोरींनी आधी शिकायचं, मग बाकीचं’ हा आमच्या घरातला एकच न मोडणारा नियम. ती औराद तालुक्यातल्या एका खेड्यातली, धनगराच्या घरची. आजोबांपर्यंत मेंढरं होती, बापानं शेती धरली. घराण्यात बीएस्सी झालेली ती पहिलीच. घरी मराठी, शाळेत कन्नड, औरादच्या बाजारात तेलुगू, बसस्टँडवर दखनी उर्दू असं तिचं बोलणं चारी बाजूंनी घडलेलं. समोरचा माणूस दोन वाक्यं बोलला की तो उदगीरचा, बिदरचा की जहिराबादचा हे ती बिनचूक सांगायची. आम्ही एसटीत बसलो की हाच आमचा खेळ असायचा. मी हरायचे.

दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची सगळी हकिगत तोंडी रेकॉर्ड करायचे. ती फाइल बेंगळूरच्या एका कंपनीकडं यायची आणि तिथून आमच्या सेंटरला. कॉम्प्युटरसमोर हेडफोन लावून बसायचं, ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल. दाबलं की डॉक्टर बोलायला लागायचा, पाय उचलला की गप्प. सुरुवातीला आम्हा सगळ्यांना वाटायचं की हे इंग्रजी नाहीच, कुणीतरी तोंडात सुपारी धरून बोलतंय. तिला मात्र चार-पाच आठवड्यांतच ते उमगायला लागलं. कुठला डॉक्टर मूळचा तिथला, कुठला बाहेरून तिथं गेलेला, कोण शब्दाचं शेपूट खातो, सगळं ती ओळखायची. एक डॉक्टर फारच भरभर बोलायचा, त्याच्या फाइली कुणी घ्यायला तयार नसायचं. त्या तिच्याकडं जायच्या. ती म्हणायची, “त्येला घरी जायची घाई हाय गं. आमच्या कंडक्टरसारखा हाय त्यो.”

सेंटरचे मालक गुलबर्ग्याचेच. त्यांच्या घरी कन्नड, पण आमच्याशी ते दखनीत बोलायचे, प्रत्येक पोरीला ‘मा’ म्हणायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. टाइप केलेलं तपासायला एक मॅडम होत्या. त्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या, आणि इकडं यावं लागलं याचा राग त्यांच्या बोलण्यात रोज थोडा थोडा सांडायचा. आम्ही ‘करायलेय, जायलेय’ म्हटलं की त्या हसायच्या. वाईट हसायच्या नाहीत, पण हसायच्या.

मग वायरलेस हेडफोन आले.

बेंगळूरच्या कंपनीची माणसं सेंटर बघायला येणार होती. टेबलांवरून लोंबणाऱ्या, गाठी पडलेल्या वायरी सरांना बऱ्या दिसेनात. त्यांचा मेहुणा हैदराबादला कॉम्प्युटरच्या सामानाचा व्यापार करायचा. त्यानं एक खोकं पाठवलं. काळे, चकचकीत, कानावर मऊ गादी असलेले हेडफोन आणि प्रत्येकाबरोबर कॉम्प्युटरला खुपसायचा बटणाएवढा तुकडा. जुने सगळे एका पेटीत घालून मागच्या खोलीत टाकले. नवे घालून आमचा फोटो काढला. मी तो फोटो घरी नेला तर अप्पा म्हणाले, “विमान चालवणाऱ्यासारखी दिसायलीस.”

पहिले दिवस मजेत गेले. डोक्यावर हेडफोन तसाच ठेवून पाणी प्यायला उठता यायचं. पण हळूहळू खोड्या सुरू झाल्या. एका खोलीत इतके हेडफोन, त्यामुळे मधेच खरखर यायची. एकदा माझ्या कानात शेजारणीचा डॉक्टर बोलायला लागला. मी गुडघ्याचं ऑपरेशन टाइप करत होते आणि कानात कुणाची तरी बाळंतपणाची हकिगत. कधी आवाज एकदम विहिरीतून आल्यासारखा व्हायचा, मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. दुपारी लाइट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालायचे, पण हेडफोनांची चार्जिंग उतरायची आणि कानाशी ‘टूं टूं’ सुरू व्हायचं. या सगळ्याची आम्हाला सवय झाली, कारण हे सगळं आम्हाला ऐकू येत होतं. खरी खोड ऐकू येत नव्हती.

तिच्या चुका वाढायला लागल्या. माझ्याही वाढल्या, सगळ्यांच्याच वाढल्या. पण डोळ्यांत भरल्या त्या तिच्या, कारण ती सगळ्यांत पुढं होती आणि अवघड फाइली तिच्याकडं असायच्या. चुका विचित्र होत्या. तिनं शब्द चुकीचा ऐकलेला नसायचा, शब्दच गायब असायचा. ‘छातीत दुखत नाही’ असं डॉक्टरनं म्हटलेलं, तिच्या कागदावर ‘छातीत दुखतं’. ‘मधुमेह नाही’, तिच्या कागदावर ‘मधुमेह आहे’. इंग्रजीत तो नकार वाक्याच्या तोंडाशी येतो, एवढासा ‘नो’. तो तेवढा नाहीसा व्हायचा.

शनिवारी मीटिंग असायची. मॅडमनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं.

“अगं, ‘नो’ हा शब्द पहिलीतल्या मुलाला कळतो. तुला ऐकू येत नाही का?”

“येतंय मॅडम.”

“मग?”

मॅडम सरांकडं वळून म्हणाल्या, “सर, बॅकग्राउंडचा प्रॉब्लेम आहे हा.”

मला आधी वाटलं, फाइलमधल्या मागच्या आवाजाबद्दल बोलतायत. आम्ही रोज तेच म्हणायचो, बॅकग्राउंडला टीव्ही चालूय, बॅकग्राउंडला मूल रडतंय. मॅडमचं पुढचं वाक्य ऐकलं तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, “घरात इंग्रजीचं वातावरण नसलं की एका मर्यादेपलीकडे होत नाही यांचं.” ‘यांचं’ म्हणताना त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. का बघितलं ते मला कळलं. असं बघणं ओळखायला मला कुठल्या शाळेत जावं लागलं नव्हतं.

खोलीवर आल्यावर ती म्हणाली, “माझा कानच गेला असंल का गं?”

“काय बी बोलू नकोस.”

“मग ‘नो’ कामून ऐकू येईना मला? पाठीमागं जाऊन जाऊन ऐकायलेय. न्हाईच तिथं.”

दुसऱ्या आठवड्यात ती कानाच्या डॉक्टरकडं गेली. मी बरोबर होते. त्यांनी एका बंद खोलीत बसवून यंत्रावर कान तपासले आणि म्हणाले, “कान उत्तम आहेत. माझ्यापेक्षा चांगले.” ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली आणि रडली. कान खराब निघाला असता तर बरं झालं असतं, म्हणाली. निदान कारण तरी मिळालं असतं. आता उरलं काय, तर अक्कल.

त्या दवाखान्याच्या बाकावर तिच्या चुलत्यांच्या सासरवाडीचा एक माणूस बसलेला होता. त्यानं तिला राम राम केला, तिनंही केला. पुढं त्या राम रामाची काय किंमत द्यावी लागणार, हे तेव्हा आम्हा दोघींना माहीत असायचं कारण नव्हतं.

कारण सापडलं ते लाइट गेल्यामुळं. एका दुपारी लाइट गेली ती बराच वेळ आलीच नाही. वायरलेस हेडफोन एकेक करून गार झाले. तिची एक फाइल अर्धी राहिली होती, म्हणून ती मागच्या खोलीत गेली, पेटीतून जुना वायरवाला हेडफोन काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि लावला. मी शेजारीच होते. तिनं पेडल दाबलं आणि तिचा पाय तसाच राहिला. मग फाइल सुरुवातीपासून लावली. मग सकाळची लावली. मग मला म्हणाली, “हिकडं ये. ऐक.”

मी ऐकलं. डॉक्टर स्वच्छ म्हणत होता, ‘नो ॲलर्जी टू पेनिसिलिन.’

“आता लाइट येऊ दे,” ती म्हणाली.

लाइट आल्यावर तेच वाक्य वायरलेसवर लावलं. ‘ॲलर्जी टू पेनिसिलिन.’

ते हेडफोन जरा वेळ आवाज आला नाही की झोपी जायचे. पेडल दाबलं की डॉक्टर बोलायला लागायचा, पण हेडफोन जागा व्हायला क्षणभर लागायचा आणि तेवढ्यात पहिला शब्द निघून गेलेला असायचा. उरलेलं वाक्य पुरं असायचं, अर्थ लागायचा, शंका यायचं कारणच नसायचं. अडखळलेलं ऐकू आलं तर माणूस मागं जातो. जे आलंच नाही, त्याच्यासाठी कोण मागं जाईल? आणि ती मागं जायची तेव्हाही नेमकी त्या वाक्यापाशी जायची आणि तिथून पुन्हा पेडल दाबायची. पुन्हा तोच शब्द गिळला जायचा. जितकी ती नेमकी, तितकी चूक पक्की. ढिसाळपणे चार वाक्यं मागं जाणाऱ्यांच्या चुका कमी होत होत्या.

तिचा चेहरा त्या संध्याकाळी मला अजून दिसतो. ती हसत होती, मला मिठी मारत होती. वाटेत तिनं दोघींसाठी मिरची भजी घेतली. “उद्या सरास्नी दाखवू,” म्हणाली. तिला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सर आणि मॅडम दोघंही होते. तिनं सरांना खुर्चीत बसवलं, पेडल त्यांच्या पायाखाली सरकवलं, आधी वायरलेस लावायला दिला, मग वायरवाला. सरांनी ऐकलं. पुन्हा पहिला लावला, पुन्हा दुसरा. ते काही बिनडोक नव्हते. त्यांना पहिल्याच वेळी कळलं, हे मी त्यांची मान ताठ झाली त्यावरून सांगू शकते. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खिशातला रुमाल काढून कान पुसला.

“हौ मा. सुना मैं,” ते म्हणाले.

“म्हणजे सर, माझी चूक न्हाई,” ती म्हणाली. दखनी येत असूनही घाईत मराठीत बोलली.

सर मॅडमकडं बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, “पण सर, आपण बेंगळूरला आधीच कळवलंय. त्या मधुमेहाच्या फाइलबद्दल. संबंधित व्यक्तीवर कारवाई करतोय म्हणून.”

“हां, बोले ना.” सर खुर्चीतून उठले. मग तिला, अगदी मऊ आवाजात, म्हणाले, “देखो मा. अब मैं उनको क्या बोलूं? मेरा सामान खराब है बोलूं? कल को काम बंद कर दिये तो इत्ते सब लोगां क्या करेंगे?”

मी मधे बोलले. “सर, तर मग सगळ्यांना वायरवाले द्या आणि बेंगळूरला खरं सांगा. शोधून काढलं म्हणून ते उलट चांगलंच म्हणतील.”

“तू चूप बैठ,” सर म्हणाले. मला ते कधी एकेरीत बोलले नव्हते.

महिना भरायच्या आत तिला काढलं. कारण असं सांगितलं की कामाला लागणारी ‘ऐकण्याची क्षमता’ कमी आहे. हे शब्द मॅडमनी निवडले. तिला पुढं दुसरीकडं काम मिळायला त्रास होऊ नये म्हणून चुका असं न लिहिता हे लिहिलं, असंही त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की आपण उपकार करतोय.

तिनं खोलीतलं सामान आवरलं. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. बिदरची गाडी लागलेली. खिडकीतून ती म्हणाली, “तू सोडू नकोस काम. दोघींनी सोडून काय व्हणार?” मी सोडलं नाही. माझ्या घरी माझ्यामागं दोन भावंडं शिकत होती, आणि असं काम गुलबर्ग्यात दुसरं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी रोज जुना हेडफोन पेटीतून काढून वापरला. मला कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं, भालकीकडच्या एका मास्तराशी. ती गावी पोचायच्या आधी दवाखान्यातला राम राम पोचला होता. कानाच्या डॉक्टरकडं दिसली, मग नोकरीवरून काढलं, तेही ऐकायला येत नाही म्हणून. दोन आणि दोन चार कुणीही करतं. मास्तराच्या घरून निरोप आला की पोराला अजून पुढं शिकायचंय. खरं कारण सगळ्यांना कळलं. तिच्या बापानं डॉक्टरचा रिपोर्ट खिशात घालून भालकीला खेप घातली. त्यांनी चहा पाजला आणि रिपोर्ट न बघता परत दिला.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरं स्थळ आलं. “तू ये,” तिनं मला फोनवर सांगितलं, “न्हाईतर मी त्यांना काय बी बोलीन.” मी गेले. मुलगा, त्याची आई, त्याचा मामा आणि आणखी चार माणसं जीपमधून उतरली. पाय धुऊन मंडळी अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली बसली. आम्ही आत स्वयंपाकघरात पोह्यात कोथिंबीर घालत होतो. मला बाहेरचं नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. तिचा हात मात्र थांबला होता.

ती पोहे घेऊन बाहेर गेली, मान खाली घालून बसली. तिची पाठ मामाकडं होती. नाव, शिक्षण, सगळं विचारून झालं. मग मामानं हळूच एक चमचा तिच्या मागं जमिनीवर टाकला. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिनं मान वर केली नाही, पण बोलली.

“मामा, चमचा पडला तुमचा.”

मुलाची आई खूश होऊन हसली. तिथंच थांबलं असतं तर कदाचित जमलं असतं. पण ती थांबली नाही.

“आन् मघाशी निंबाखाली तुम्ही म्हणलात की रंग काळा हाय पर बापाला वावर हाय. तुम्ही म्हणलात की कान कमी असंल तर बराच हाय, सासूला उलट बोलायची न्हाई. मला ते बी ऐकू आलं.”

मामानं पोह्याची बशी खाली ठेवली. जाताना जीपमध्ये चढता चढता मुलाची आई म्हणाली, “कान हाय, पर तोंड बी हाय.” तिचे वडील जीप गेल्यावर शेताकडं निघून गेले. आई चुलीपाशी बसून रडली, “आता कोन करून घील तुला?” ती शांतपणे बशा गोळा करत होती. मला म्हणाली, “बघ, माझा कान चांगलाच हाय.” मी हसले. ती हसली नाही.

इकडं सेंटरात काय झालं ते सांगायला हवं. तिला काढल्यावरही चुका येतच राहिल्या, कारण यायच्याच होत्या. शेवटी बेंगळूरहून एक माणूस आला, दिवसभर बसला आणि संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक टेबलावर वायरवाले हेडफोन होते. कुणी काही सांगितलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, “हे कानाला आरोग्यदायी असतात.” मला वाटलं, आता तिला बोलावतील. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन तसं विचारलंही. सर म्हणाले, “उसकी जगह भर गयी मा.” भरली होती, हे खरं होतं. एक नवी मुलगी तिच्या खुर्चीत बसून त्या घाईवाल्या डॉक्टरची फाइल ऐकत होती आणि वैतागत होती.

दोनेक वर्षांत ते सेंटर बंद पडलं. बेंगळूरच्या कंपनीनं काम दुसरीकडं दिलं. मी हैदराबादला गेले, तिथं अशाच कामाला लागले. तिचं लग्न झालं, बीजवराशी, औरादच्याच बाजूला. नवरा टेम्पो चालवतो. वाईट माणूस नाही. पदवीचा कागद कुठं आहे, हे तिला विचारलं तर सांगता येत नाही.

एकदा मी गावी निघाले असताना गुलबर्गा स्टेशनवर सर भेटले. पिकलेले केस, हातात ब्रीफकेस. आता परदेशात जाणाऱ्यांना इंग्रजी शिकवायचा क्लास काढलाय म्हणाले. माझी चौकशी केली, मनापासून केली. मग आपणहून म्हणाले, “तुम्हारी वो औराद वाली सहेली थी ना? क्या कान था मा उसका! वैसा कान फिर नै मिला मेरेकू.”

“फिर निकाले कैकू सर?” मी विचारलं.

त्यांना राग आला नाही. त्यांनी खांदे उडवले. “धंदे में होता है वैसा,” म्हणाले, आणि गाडीची घोषणा ऐकायला वळले.

मी तिथूनच तिला फोन लावला. सर भेटले, असं असं म्हणाले, तुझ्यासारखा कान पुन्हा मिळाला नाही म्हणाले, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. निदान हसेल. पलीकडं नुसता टेम्पो चालू केल्याचा आवाज येत होता.

“ऐकायलीस ना?” मी विचारलं.

“ऐकायलेय की,” ती म्हणाली. “पोराला ताप हाय. दवाखान्यात निघालाव. ठिवते.”